सासुरवाडीच्या चर्चमधली पंगत

वडिलांना कुठंही न्यायचं तर आधी दगड दाखवावा लागतो. उभं आयुष्य गवंडीकाम केलेला माणूस. कुणाच्या लग्नाला गेले तरी नवरानवरीआधी कार्यालयाच्या भिंती बघतात. म्हणून मी बेत आखला. रविवारी गाडी काढायची, वाटेतली जुनी चर्चं दाखवत न्यायचं आणि शेवटचं चर्च नेमकं माझ्या सासुरवाडीचं ठेवायचं. वैजापूरच्या बाजूचं खेडं आहे ते. बेत फसेल असं मला एकदाही वाटलं नाही. मला सहसा तसं वाटतच नाही.

माझी बायको ख्रिस्ती. लग्नाला अकरा वर्षं झाली. घरी तिच्या हातचं वडील मिटक्या मारत खातात, पण तिच्या आईच्या दारात त्यांनी आजवर पाणीही घेतलं नव्हतं. तिथं जायचं म्हटलं की त्यांचं पोट बिघडायचं. खरं कारण जातीचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं. यंदा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, एकदा त्येंना आमच्या पंगतीला बसवा. मंग मी काय मागणार नाय."

गारखेड्यातल्या घरून सकाळीच निघालो. छावणीतलं गोऱ्यांच्या वेळचं चर्च वडिलांनी उभ्याउभ्याच पास केलं. गंगापूरला टपरीवर गरम भजी आणि तळलेल्या मिरच्या घेतल्या. वडिलांनी दोन प्लेटा संपवल्या. तळणारा कोण, कुठला, हे काही त्यांनी विचारलं नाही. माझं डोकंच फिरलं, पण मागच्या सीटवरून बायकोनं खांदा दाबला म्हणून गप्प बसलो.

सासुरवाडीचं चर्च लहानसं, काळ्या दगडाचं. वडील कमानीखाली थांबले, सांध्यांवरून बोट फिरवलं. "कारागीर कोण व्हता?" त्यांनी विचारलं.

"कारागीर कुठला?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्याच आज्यापंज्यांनी बांधलं. दगडं बायांनी डोक्यावर वाहिली."

कमानीखालून हलायला वडिलांना बराच वेळ लागला.

उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं, म्हणजे साऱ्या मंडळीची एकत्र पंगत. घरोघरून आलेल्या भाकरी, ठेचा आणि मोठ्या पातेल्यात येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी. मी वडिलांना हात धरूनच बसवलं. "एक घास खातो अन् उठतो," ते पुटपुटले. ताटं वाढून झाली, पाळकसाहेब उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना काही संपेना. मी एक डोळा किलकिला केला, तर वडील भराभर जेवत होते. कुणी बघत नाही तोवर तो घास उरकून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. पण आमटीनं घात केला आणि अर्धी भाकरी संपली. तेवढ्यात "आमेन" झालं आणि अख्खी पंगत त्यांच्याकडं बघू लागली. अकरा वर्षं न जेवलेला माणूस सगळ्यांच्या आधी जेवला होता. त्यांचा हात ताटातच थांबला, मान खाली गेली.

सासूबाईंनी दुसरी भाकरी आणून त्यांच्या ताटात ठेवली. "खा तुमी. आमची प्रार्थनाच लई लांबली." मग शेजारी बसून त्याही जेवल्या.

जेवण झाल्यावर वडिलांचं ताट उचलायला त्यांनी हात पुढं केला. वडिलांनी ताट दिलं नाही. उलट सासूबाईंचं उष्टं ताट ओढून आपल्या ताटावर ठेवलं आणि दोन्ही घेऊन नळाकडं निघाले. बायको मागं धावली.

"मामा, द्या इकडं."

"नाय," ते खाली बसत म्हणाले. "लई उशीर केला मी. धुतो."

आपलं उष्टं ताट व्याही राखेनं घासतायत, हे बघत सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.