कोण विचारतंय?

दरोगांना काहीही विचारलं की आधी उलटा प्रश्न यायचा, "कोण विचारतंय?" फोनवरच्या परक्या माणसाला असं विचारलं तर समजू शकतं. पण मी शेजारच्या खुर्चीवरून "सर, किती वाजले?" म्हटलं तरी ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "कोण विचारतंय?" मग मी सांगायचे, "मी, मीनल." एवढी ओळख पटल्यावर वेळ कळायची. तीसुद्धा त्यांच्या मनगटावरची, कारण भिंतीवरच्या घड्याळात सेल कुणी टाकला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

'दरोगा' हे नाव ऑफिसनं पाठीमागे ठेवलेलं. ते त्यांना माहीत होतं आणि कुणी ठेवलं याचा तपास ते शेवटपर्यंत करत होते. पडेगावहून स्कूटरवर यायचे. स्कूटरला कुलूप लावून जिन्यापर्यंत यायचे, परत जायचे आणि हँडल हिसकून बघायचे. चहावाल्याला रोज विचारायचे, "दूध कालचं तर नाय ना?" तो नाही म्हणाला की लगेच पुढचं, "एवढ्या लवकर कसं काय सांगतोस?" तो बिचारा मग थोडा विचार करून नाही म्हणायला लागला, तर म्हणाले, "आता विचार करून खोटं बोलतोय."

जालना रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. रक्त, लघवी, गाठीचा तुकडा तपासणाऱ्या लॅबना आम्ही सॉफ्टवेअर देतो. पेशंटला आपला रिपोर्ट मोबाईलवर दिसतो. त्याची सर्व्हरवरची सगळी बाजू दरोगांनी एकहाती उभी केली होती, जुन्या रेस्ट पद्धतीनं. ही पद्धत तहसील कचेरीसारखी असते. रिपोर्टची खिडकी वेगळी, डॉक्टरच्या माहितीची वेगळी, बिलाची वेगळी. मोबाईलवरचं एक पान भरायचं तर ॲपला चार खिडक्यांवर जाऊन उभं राहावं लागायचं. प्रत्येक खिडकीवर दरोगांचा पहारा होता आणि तो पहाराही हेच विचारायचा. कोण विचारतंय? ज्याचा रिपोर्ट, त्यालाच मिळणार.

मध्यंतरी त्यांच्या पाठीवर चरबीची गाठ आली. ती काढायची तर सर्जन कोण, यावर आठवडाभर ऑफिसात दुसरं बोलणं नव्हतं. एका सर्जनच्या दवाखान्यात ते नुसतेच जाऊन बसले, आतून बाहेर येणाऱ्या पेशंटांची तोंडं न्याहाळत. भिंतीवरच्या डिग्रीचा फोटो काढून आणला आणि मोठा करून शिक्का वाचला. शेवटी निकाल दिला, "हात साफ हाय माणसाचा. बोलतो कमी, म्हणजे फेकत नाय." आम्ही खूप हसलो. पण दरोगांनी पास केलेला डॉक्टर म्हणून ते नाव प्रत्येकानं मनात ठेवलं.

मीही ठेवलं होतं. काही महिन्यांनी माझ्या छातीत गाठ हाताला लागली, तेव्हा दुसरा कुठलाही डॉक्टर न शोधता मी थेट त्याच सर्जनकडे गेले. तुकडा काढून तपासायला पाठवला. तो ज्या लॅबकडे गेला, दरोगांची गाठही तिथंच तपासली होती, आणि ती लॅब आमचंच सॉफ्टवेअर वापरत होती. थोरल्या बहिणीखेरीज हे कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि आमच्या नात्यागोत्यात अशी बातमी माणसाच्या आधी पोचते. मी फार घाबरले होते. ऑफिसात कुणी मोबाईलकडे बघून हसलं तरी मला वाटायचं, कळलं की काय.

याच्या थोडं आधीच आमच्या मालकांनी, अभय सरांनी, रेस्ट सोडून ग्राफक्यूएलवर जायचं ठरवलं होतं. यात खिडकी एकच. तिथं जाऊन हवं ते एका दमात मागायचं. माझा रिपोर्ट दे, त्यावरच्या डॉक्टरचं नाव दे, पत्ता दे. जेवढं मागाल तेवढंच येतं. ॲप झपझप चालणार होतं. दरोगांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जो येईल त्यानं वाटंल ते मागायचं? असलं दुकान मी आजपर्यंत बघितलं नाय." अभय सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुन्या खिडक्या गेल्या की आपली खुर्ची जाईल, ही भीती आहे त्यांना." मलाही तसंच वाटत होतं.

मी निकालाची वाट बघत होते, नेमकं त्याच दिवसांत काम झालं. चाचणीसाठी लॅबच्या खऱ्या डेटाची त्याच आठवड्यातली प्रत घेतली. असं करू नये हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच करतात. नवीन सिस्टिम चालू करायच्या आदल्या दिवशी सकाळी बैठक बसली.

"उद्या चालू करायचं नाय," दरोगा म्हणाले. "एकदा आत शिरलेला पेशंट दुसऱ्याचा रिपोर्ट काढू शकतो."

"दाखवा," म्हणत अभय सरांनी प्रोजेक्टरची वायर पुढे सरकवली.

दरोगांनी वायरला हात लावला नाही. "आत्ता नाय दाखवत."

"का?"

"कोण विचारतंय?"

"मी विचारतोय. कंपनी माझी आहे."

"कंपनी तुमची हाय. रिपोर्ट तुमचा नाय."

अभय सरांचा चेहरा लाल झाला. पुरावा न दाखवता काम अडवणारा माणूस खोटं बोलतोय, असंच कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. दरोगांनी दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि पाठ फिरवून टाइप करत बसले.

दुपारी वायर त्यांनी स्वतःच लावली. चाचणीच्या प्रतीतले सगळे खरे पेशंट पुसून त्यांनी खोटे भरले होते. एकाचं नाव दोडका, एकाचं कारलं, एकाचं भोपळा. दरोगा दोडक्याच्या नावानं आत शिरले. दोडक्याचा रिपोर्ट मागितला, रिपोर्टवरून डॉक्टर, डॉक्टरवरून त्याचे सगळे पेशंट, आणि कारल्याची शुगर काढून दाखवली. मधे सिस्टिमनं कुठंच हटकलं नाही. कुणी हसलंही नाही.

"पण तुमचा पहारा होता ना?" अभय सरांनी विचारलं.

"तीच तर चूक हाय," दरोगा म्हणाले. "पहारा मी खिडकीवर बसवला, तिजोरीवर नाय. खिडक्या काढल्या, पहारा पण गेला. नव्याला नावं ठेवत बसलो, अन् भोक माझ्याच कामात. साऱ्या दुनियेवर संशय घेतला, तेवढा माझ्यावर घ्यायचा राहिला."

पुढचे कित्येक दिवस बसून त्यांनी एकेका माहितीवर पहारा बसवला. मग नवीन सिस्टिम चालू झाली आणि छान चालली.

त्या बैठकीच्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात उजेड पडला. दोडका दुपारी आला. सकाळी त्यांनी कुणाच्या नावानं शिरून बघितलं असेल? स्वतःच्याच. पाठीच्या गाठीचा रिपोर्ट, त्यावरचा डॉक्टर, आणि त्या डॉक्टरचे सगळे पेशंट. त्यात मी होते. वायर का लावली नाही ते मला तेव्हा कळलं; लावली असती तर माझं नाव सगळ्यांसमोर पडद्यावर आलं असतं.

नंतर मी त्यांच्यावरच पाळत ठेवली. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला की वाटायचं, कीव करताहेत. "उन्हाची जाऊ नको" म्हणाले की वाटायचं, यांना निकालही माहीत आहे, माझ्याआधी माहीत होता. जगातल्या कशाचीही चौकशी करणारा हा माणूस मला एका शब्दानं काही विचारत नव्हता, आणि तेच मला खुपत होतं. गाठ साधी निघाली. लग्नाची बोलणीही फिसकटली, पण ती वेगळ्याच कारणानं. दरोगांना मात्र मी काहीच बोलले नाही.

यंदा दरोगांनी नोकरी सोडली. नाशिकला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. निरोपाला समोसे आणले होते. त्यांनी एक फोडून तेलाचा वास घेतला आणि मग खाल्ला. मी त्यांना सोडायला खाली स्कूटरपर्यंत गेले.

"सर, त्या दिवशी तुम्ही माझा रिपोर्ट बघितला होता का?"

"कोण विचारतंय?" सवयीनं तोंडातून निघालंच.

"जिचा आहे ती."

घालायला उचललेलं हेल्मेट त्यांनी सीटवर ठेवलं. "मग सांगावंच लागतंय. व्हय, नाव दिसलं. डॉक्टरचे पेशंट मागितले अन् त्यात तू. तिथंच हात काढला."

"आणि निकाल?"

"अगं, या तुमच्या नव्या गोष्टीत मागावं तेवढंच येतं. लई शिव्या घातल्या मी तिला, पण एवढी रीत हाय तिच्यात. मी नाव मागितलं होतं. निकाल नाय मागितला." मग हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाले, "माझ्या बोलण्यावर जाऊ नको. काय काय मागितलं ते समदं सर्व्हरच्या लॉगमधी हाय. बघून घे."

"गाठ साधी निघाली, सर."

"दुसऱ्या लॅबला दाखवलीस का?"

"नाही."

"दाखव," ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांना हेल्मेट परत काढावं लागलं. धूळ लई झाली या रोडला, असं काहीतरी पुटपुटले आणि पडेगावच्या दिशेनं गेले.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नवीन मुलांनी काही मागितलं की आधी कोण विचारतंय ते विचारते. मुलांनी माझंही काहीतरी नाव ठेवलंय, त्याचा तपास चालू आहे. गाठ दुसऱ्या लॅबला दाखवली, तीही साधीच निघाली. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे आहे आणि त्या दिवसाचा लॉग अजून तिथंच आहे. मी तो उघडलेला नाही.