कपारीच्या तोंडाची वाळू

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना माझाच मला संताप येतोय — स्वतःच्या मुस्काटात मारावी इतका.

हिमायतनगरकडची आमची नदी झऱ्याची. डोहाच्या तळाशी एक कपार आहे, माणूस सरपटत जाईल एवढी. झरा तिच्या पोटातून येतो. कुणी बुडालं की बुडी मारायला मला बोलावतात. कपारीत जाऊन आल्याची खूण म्हणून झऱ्याची पांढरी वाळू मुठीत आणून दाखवायची, ही आमच्याकडची रीत. तीच वाळू कपारीच्या तोंडाशीही पडलेली असते — पण हे काठावरच्यांना कुठून माहीत असणार?

नऊ वर्षांपूर्वी गावातल्याच सुमनचा नवरा पाण्याच्या मोटारीचा अडकलेला पाइप सोडवायला डोहात उतरला असावा. काठावर फक्त चपला होत्या. मी बुडी मारली. कपारीत खांद्यापर्यंत हात घातला. आतून गार पाणी ढकलत होतं — आणि मी घाबरलो. दुसरं काही नाही, घाबरलो. तोंडाशीच मूठ भरली, वर आलो, वाळू दाखवली. "आत कुणी न्हाई," म्हणालो.

प्रेत सापडेना. मग गाव म्हणायला लागलं, पळाला तो, चपला मुद्दाम ठेवल्या. बायकोला कंटाळून पळाला. सुमनच्या तोंडावर म्हणायचे हलकट लोक! आणि मी? मला एक वाक्य बोलता येत नव्हतं? हॉटेलात विषय निघाला की खाली मान घालून चहा प्यायचो. एकदा तर हसलो. सगळ्यांबरोबर — हसलो.

या उन्हाळ्यात पुण्याहून पाणबुडे आले, पाठीला टाक्या लावून, कपारीचं चित्रीकरण करायला. आत दगडांत हाडं सापडली. सोबत कमरेचा चांदीचा करदोटा होता, तो सुमननं ओळखला.

गाव मलाच सावरायला लागलं. बिनटाकीचा माणूस, त्याला काय दिसणार? त्या भलेपणाची मला अशी चीड आली, तरी गप्पच राहिलो. चौथ्या दिवशी सुमन स्वतः घरी आली.

"मामा, मनाला लावून घेऊ नका. तुमी तर जीव मुठीत धरून आत गेल्ते. तिथल्या अंधारात कुणाला दिसंल?"

मी मान डोलावली. आत किती अंधार असतो, ते मला आजही माहीत नाही.