अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आबांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, पुढं पत्र्याची पडवी आणि एक बाकडं. त्या बाकड्यावर बसायला स्कूटर बिघडलेलीच पाहिजे असं काही नव्हतं. शाळेत शिकवून परतताना मी रोज स्कूटर थांबवायचे, आणि उशीर का झाला असं नवऱ्यानं विचारलं की हवा भरत होते म्हणायचे. माझ्याइतकी हवा अख्ख्या सुरतेत कुणी भरली नसेल.

आबा आणि माझे वडील एकाच गावचे, धुळ्याकडचे. दोघंही उधन्यात कापडाच्या लूमवर होते आणि त्या खडखडाटात दोघांचेही कान गेले. वडील घरी बसले. आबांनी पाना हातात घेतला. बहिरा माणूस इंजिन दुरुस्त करणार म्हटल्यावर लोक हसले. पण आबा चालू स्कूटरच्या सीटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगायचे. आपण समोर बसून सावकाश बोललो की ओठांवरून त्यांना सगळं कळायचं.

काम झालं की कसलेल्या प्रत्येक नटाला ते लाल नेलपेंटचा ठिपका लावायचे. आम्ही त्याला आबांचं कुंकू म्हणायचो. सिग्नलला पुढच्या स्कूटरवर ते कुंकू दिसलं की ओळख नसताना मी हसायचे, आणि ती माणसंही हसायची. हिवाळ्यात आबांना कुणी पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणून द्यायचं, कुणी भरीत. समोरच्या सोसायटीतल्या एक गुजराती बेन स्कूटरवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवत, त्यांचा पहिला डबा आबांचा.

मग आबांचा हात थरथरू लागला. हातच थरथरतोय तर इंजिनाची थरथर त्याला कशी कळणार? त्यांनी आमच्यापासून ते लपवलं आणि आम्ही ते दिसत नसल्याचं दाखवलं. एके दिवशी पर्वत पाटियाजवळ माझा ब्रेक लागलाच नाही. साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाडीवर जाऊन आपटले म्हणून गुडघ्यावर निभावलं. आबांनी आदल्याच दिवशी कसलेला नट सैलच राहिला होता. वर कुंकू होतं, नीट.

मी बेनना सांगितलं. त्यांच्या स्कूटरचंही तसंच काहीतरी झालं होतं. डोळ्यांत पाणी आणून त्या एवढंच म्हणाल्या, “आबाने खबर न पडवी जोईए.” आबांना कळता कामा नये. दुकान गेलं तर हा माणूस आठ दिवस जगणार नाही, असं आम्हा दोघींचं ठाम मत होतं. तेव्हा आम्ही ठरवलं, ब्रेक-बिक दुसऱ्याकडून करून घ्यायचे, आणि आबांकडे धुणं, ऑइल, आरसा, हॉर्न असली बिनधोक कामं घेऊन जायचं. हळूहळू जुनी सात-आठ गिऱ्हाइकं यात सामील झाली.

राहता राहिलं कुंकू. दुसऱ्यानं पाना लावला की ते फुटायचं, आणि आबा ते पाहणारच. ही अडचण मी सोडवली. घरातली लाल नेलपेंटची बाटली घेतली आणि नटाच्या डोक्यावर छान गोल ठिपका काढला. मग बाटली बेनकडे गेली, त्यांच्याकडून इतरांकडे. स्वतःच्या हुशारीवर मी काय खूश होते! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्याकडे पाहूनच म्हटलं असावं.

वर्षभर हे चाललं. मग एका सकाळी बेन डब्यांसकट पडल्या. उजवं मनगट मोडलं, त्यात सळी घालावी लागली. ती स्कूटर कुणाच्या दुकानाची हे सगळ्यांना माहीत, म्हणून लोकांनी ती उचलून आबांकडे नेली. मी पोचले तेव्हा ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. ब्रेकचा नट बोटांनी फिरत होता आणि त्याच्या डोक्यावरचा लाल ठिपका मात्र अखंड होता.

“माय, हाऊ ठिपका मना नही,” आबा म्हणाले. हा ठिपका माझा नाही.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं कुंकू अर्धं नटावर असतं, अर्धं शेजारच्या पत्र्यावर. नट जरा फिरला की दोन अर्धी एकमेकांपासून सरकतात आणि नुसत्या नजरेनं कळतं. डोक्यावरचा ठिपका नटाबरोबर फिरतो, त्यातून काही कळत नाही. इतकी वर्षं मी त्याला शोभा समजत होते. आमचे खोटे ठिपके त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखले होते. पण दुसऱ्यानं कसलेल्या नटाला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. शिवाय माणसं आपल्यासाठी एवढा खटाटोप करतायत, तर आपण कशाला तोंड उघडायचं, असं त्यांना वाटलं. आम्ही त्यांचं मन राखत होतो आणि ते आमचं. हात बेनचा मोडला.

मी रडत होते. काय बोलले ते त्यांना कळलं नसणार, कारण मी तोंडावर पदर धरला होता.

चार दिवसांनी त्यांनी शटर ओढलं आणि गावी जायचं ठरवलं. निघण्याआधी ते आमच्या सगळ्यांच्या घरी गेले. माझ्याकडे आले, पान्यानं मलाच ब्रेकचा नट कसायला लावला, नेलपेंटची बाटली उघडली आणि ब्रश माझ्या हातात दिला. “आते तूच काढ,” म्हणाले. आता ठिपका तूच काढ. मी काढला. अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर. त्यांनी मान हलवली, सवयीनं सीटवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

बेन आता डाव्या हातानं पोळ्या लाटतात, स्कूटर चालवत नाहीत. मी चालवते. दर रविवारी तो ठिपका पाहते, आणि आबांची माफी मागायची राहिली हे आठवतं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. समोर बसूनच बोलावं लागेल, आणि धुळ्याकडची गाडी रोज उधन्यावरून जाते, मीच अजून चढलेले नाही.