गोपिकाबाईला आडव्या गेलेल्या मांजरी

गोपिकाबाई लकडगंजच्या गोदामात मिरचीचे देठ खुडायची. संध्याकाळी हात असे पेटायचे की घरी नातीला जवळ घ्यायची सोय नाही. पन्नास बाया, आणि हात धुवायला नळ एकही नाही. शेठ म्हणायचा, पाण्यानं माल भिजतो.

१९७९ साली इस्तंबूलला कामगार बायांची परिषद भरली. आमच्या युनियनला बोलावणं आलं. शिकलेल्या पुष्कळ जणी तयार होत्या. मी टेबलावर हात आपटला: जिचे हात जळतात तीच जाईल! दुभाष्या म्हणून सोबत मी. माझं इंग्रजी कोण्या मास्तरनं दिलेलं नाही, मीच कमावलेलं.

परिषदेत दहा वाजता तिला बोलायला पाच मिनिटं दिली होती. पावणेदहाला निघालो, तर इस्तंबूलच्या गल्लीत मांजर आडवं गेलं. बाई जागीच थांबली.

"काहून थांबल्या?"

"पहिले दुसरं कोणी जाऊ द्या ना, भाऊ."

एक म्हातारा गेला. चार पावलांवर दुसरं मांजर. मग तिसरं. पायरीवर मांजर, मोटारीच्या टपावर मांजर! सातव्याला माझं डोकं फिरलं.

"बाई, वेळ गेली म्हणजे नळ गेला समजा!"

"वरडू नका. मी पाहून राहिली."

समोर एक मासळीवाली बसली होती. मांजरी तिच्या टोपलीला वेढे घालत होत्या आणि ती खुशाल मासे विकत होती.

"भाऊ, हिले तर दिवसभर आडव्या जात असतीन. मंग हिचा धंदा काहून नाही बुडाला?"

बाईनं पदर खोचला. आठवी मांजर आली. "सरक वं!"

पोचलो तेव्हा तिचंच नाव पुकारत होते. लिहून आणलेला कागद तिनं माझ्या हातात कोंबला आणि दोन्ही तळवे सभेपुढं धरले. "यायले पाणी पाहिजे. एक नळ." बस्स, एवढंच. मी इंग्रजीत सांगितलं आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. नळाचा ठराव झाला.

आम्ही परतल्यावर तो ठराव घेऊन पन्नास जणी गोदामावर गेल्या. दारातच काळी मांजर आडवी गेली. बाया थबकल्या. शेठचा दिवाणजी हसला, "आता उद्या या."

"उद्या काहून गा? परदेशात आठ मांजरी पार करून आली मी. हे नववी!"

ती आत शिरली, मागोमाग सगळ्या. नळ नाही तर देठ नाही! ऐन हंगाम होता. मिरचीचे ढीग तसेच पडले. चौथ्या दिवशी नळ बसला.

पाचव्या दिवशी बाई हसतच कामावर आली. "नात मांडीवरून उतरतच नव्हती, भाऊ."