पाच फाटकं आणि पुंजारामजी

आमच्या गावच्या शर्यतीची यादी, शिट्टी आणि घड्याळ, तिन्ही माझ्याकडे असतात. नाव नोंदवायला येणारा माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो: टी-शर्ट आहे का, आणि नाश्त्याला काय आहे. पुंजारामजी पहिल्या वर्षी टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, फाटकं लावाले कोण हाय?"

मी मान वर न करता सांगितलं, ज्यांची शेतं आहेत ते लावतील. मग वय विचारलं. बासष्ट म्हणाले. लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं.

दारव्हा तालुक्यातली ही आमची सहा किलोमीटरची शर्यत जानेवारीतल्या एका रविवारी असते. शाळेच्या मैदानातून निघायचं, नाल्याकाठची पाच वावरं, म्हणजे शेतं, ओलांडायची, माळावर चढायचं आणि पांदण रस्त्याने परत यायचं. प्रत्येक वावराला बोरीच्या काट्यांचं फाटक आहे. सकाळी ती उघडायला मी दोन माणसं नेमली होती. पन्नास मिनिटांच्या आत येईल त्याला प्रमाणपत्र, हा नियमही माझाच.

पुंजारामजी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. सरकारी कागदावर व्रणोपचारक, गावाच्या तोंडी ड्रेसर. उंच, वाळलेले, कानाला तपकिरी मफलर, पायात कॅनव्हासचे बूट आणि पँटचे पाय सुतळीने बांधलेले. माणसाकडेही ते जनावर तपासल्यासारखंच बघत. एकदा भर बाजारात माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "रक्त कमी हाय मॅडम तुमच्यात. पालक खात जा." तपासून घेतलं, तर खरंच कमी निघालं. कसं काय चाललंय विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "पाहून राह्यलो." आणि ते खरोखरच पाहत असत. कोणाचा बैल लंगडतोय, कोणाच्या वासराचे कान पडलेत.

रोज सकाळी ते कालव्याच्या रस्त्याने पळत. आमचा दूधवाला सांगे की त्याच्या सायकलच्या बरोबरीने येतात. मला ती थाप वाटे, कारण शर्यतीत ते सर्वांत शेवटी यायचे. पहिल्या वर्षी चोपन्न मिनिटं, मग पंचावन्न, मग त्रेपन्न. मी तिन्ही वेळा त्यांच्या नावापुढे लाल शाईने 'वेळेबाहेर' लिहिलं. ते वाकून वाचायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय."

प्रमाणपत्र मात्र त्यांना मनापासून हवं होतं. हे मला त्यांच्या घरी कळलं. बैठकीच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता आणि त्याला मफलर अडकवलेला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा ठेवता ठेवता सांगितलं की खिळा पहिल्याच वर्षी, शर्यतीच्या आदल्या दिवशी ठोकलाय. "ह्यायच्यापरीस आमची म्हैस लवकर घरी येते," त्या म्हणाल्या. पुंजारामजी बशीत फुंकर घालत हसले. "म्हशीले प्रमाणपत्र नाई पायजे," ते म्हणाले.

चौथ्या वर्षी ते त्रेचाळीस मिनिटांत आले.

मी घड्याळ दोनदा पाहिलं. मैदानावर टाळ्या झाल्या. सरपंचांच्या हातून प्रमाणपत्र घेताना त्यांनी मफलर काढून हातात धरला होता. ते खुर्चीवर जाऊन बसतात न बसतात तोच सुधाकरभाऊ मोटारसायकलवर आले. तिसरं वावर त्यांचं. गाडी बंद न करताच ते मला म्हणाले की फाटक उघडं राहिलं, गाय दवाने भिजलेल्या हरभऱ्यात शिरली, पोट फुगून आता पडायला आलीय. आणि पुढच्या साली माझ्या वावरातून कोणी जाणार नाही. बाकीचे चौघंही तेच म्हणणार, हे मला तिथेच कळलं. म्हणजे शर्यतच संपली.

पुंजारामजी उठले. प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं, पोहे करणाऱ्या बाईकडून गोडेतेलाची बाटली मागून घेतली आणि सुधाकरभाऊंच्या मागे बसले. मी स्कूटीवर पोहोचले तोवर त्यांनी गाईला तेल पाजलं होतं आणि ते तिला चढावर तोंड करून चालवत होते. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली. ते तिच्याशी हळू आवाजात सारखं काहीतरी बोलत होते. बऱ्याच वेळाने तिने मोठा ढेकर दिला, मग शेण टाकलं. सुधाकरभाऊंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पुंजारामजींनी मला सांगितलं. "दिसलं होतं मले, मॅडम. पह्यलंच फाटक उघडं होतं, मांगं लावाले कोणी नोतं. तीन वर्षं लावत गेलतो. यंदा म्हटलं, एक डाव आपलंबी पाहू."

तीन वर्षांच्या माझ्या लाल शाईचा अर्थ मला तेव्हा लागला. मी म्हणाले, चूक माझ्या यादीची आहे. उघडायला माणसं लिहिली, लावायला कोणीच लिहिलं नाही. तुम्ही तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"यादी तुमची," ते म्हणाले. "पण फाटकासमोर मी होतो."

सुधाकरभाऊंना त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या साली मी सगळ्यांच्या मागे राहीन, एक जरी फाटक उघडं दिसलं तर मला धर. सुधाकरभाऊंनी पुढे रस्ता अडवला नाही. प्रमाणपत्र पुंजारामजींनी परत घेतलं नाही. म्हणाले, "तुमच्यापाशी ठेवा. खरं करून घेईन."

पुढच्या वर्षी मी फाटकं लावायला दोन माणसं नेमली. पुंजारामजींनी ती नावं खोडायला लावली. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांनी पाचही फाटकांना फास करून बांधले. ओढायचं आणि खुंटाला अडकवायचं, गाठ मारायला थांबणं नाही. त्या वर्षी ते बावन्न मिनिटांत आले. त्याच्या पुढच्या वर्षी एक्कावन्न. मी पेन हातात धरून म्हणाले की पन्नास लिहिते. ते म्हणाले, "हाय ते लिहा. एकच मिनिट राह्यलं आता."

ते मिनिट राहूनच गेलं. गेल्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने ते गेले. महिन्याभराने मी प्रमाणपत्र घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी ते पुसून पाहिलं, नाव वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं. "त्यायनं वापस देल्लं होतं ना? मंग राहू द्या तुमच्यापाशीच." खिळ्याला मफलर होता.

या जानेवारीत मी यादी, शिट्टी आणि घड्याळ शाळेतल्या नव्या सरांना दिलं आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. वय त्रेपन्न. माझ्या पुढचा शेवटचा पळणारा दुसऱ्या फाटकाआधीच दिसेनासा झाला. तिसऱ्या फाटकाशी सुधाकरभाऊ उभे होते. लावू लागतो म्हणाले. मी नको म्हटलं. ट्यूब उन्हाने भेगाळली होती, तरी ओढल्यावर ताणली गेली आणि खुंटात घट्ट बसली. उरलेली दोन लावली आणि माळाला लागले.

मैदानात पोहोचले तेव्हा पोहे संपले होते. नवे सर माझ्या नावाशी पेन घेऊन अडखळले होते. मी वाकून वेळ वाचली: एक तास बारा मिनिटं. लाल पेन घ्या, मी त्यांना सांगितलं.