कोल्हा म्हणजे नको

"मास्तर, थांबा. कागूद दाखवा."

सुकट बांधून हातात दिल्यावर मासळीवाली ती पुडी परत मागायची. उलटसुलट करून बघायची आणि कागदावर एखादा कोल्हा किंवा कासव दिसलं, की सुकट दुसऱ्या कागदात ओतून पहिला कमरेला खोचायची. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळो. तारापूरहून बोईसरच्या बाजारात येणाऱ्या म्हावरेवाल्या पुष्कळ होत्या, पण रद्दीचा एवढा सोस दुसरीला नव्हता.

साठ सालानंतरची ही गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. तिथल्या मजुरांनी फेकलेल्या काडेपेट्यांचे छाप ती वेचून आणी, कापडवाल्याकडून ताग्यांवरची चित्रं मागून घेई. नातवंडांसाठी असतील, असं मी एकदा म्हणालो.

"पोरांना कशाला? आमच्या मानसाला."

नवरा तिचा तांडेल, होडीवरचा म्होरक्या. होडीवरच अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्याच्या खाटेजवळच्या कुडावर तिने ही चित्रं खळीने चिकटवली होती. तहान लागली की तो डाव्या हाताने मडक्यावरचा कावळा दाखवी. द्राक्षांकडे पाठ फिरवणारा कोल्हा म्हणजे नको. सिंह म्हणजे राग. "दिसभर सिंवच दावतो," हे ती कौतुकाने सांगे. त्या दोघांचा संसार असा चित्रांवर चालला होता.

आमच्या घरात एक जुना खेळ पडून होता. सोंगट्या हरवलेल्या, पण पट शाबूत. एका कोपऱ्यात जांभळाचं झाड, समोर मगरीचं घर, मधे पाणी आणि मगरीच्या पाठीवर बसून निघालेलं माकड. त्या काळजाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. पट दिला तेव्हा ती इतकी हरखली, की बोंबील मोजायचे विसरली.

पुढच्या बाजारी म्हणाली, "आता दुसरं कायच दावत नाय. माकडावर बोट ठेवतो नि माज्याकडं बगतो. जांबळं पायजेत त्याला."

दिवाळी उलटून गेलेली. या दिवसांत जांभळं कुठली? पण तिने उमरोळी पालथी घातली, सफाळ्यापर्यंत जाऊन आली. बाजारातल्या बायका हसल्या. शेवटी पालघरच्या दुकानातून जांभळाचा शिरका मिळवला. नवऱ्याने तो थुंकला, कोल्हा दाखवला आणि पुन्हा माकडावर बोट ठेवलं. त्याला ताजीच हवीत, असं ठरवून ती मोहोराची वाट बघू लागली.

मोहोर आला. जांभळं धरायच्या आत तांडेल गेला.

ती बाजारात शेवटची आली, तेव्हा डोक्यावर टोपली नव्हती.

"कूड सारवायला पट काढला, मास्तर. झाड कुटं, माकड कुटं. माकड पान्यात होतं. तांडेल मानूस तो, त्याला दर्यावर जायाचं होतं. चार जनांनी खाट उचलून होडीत ठेवली असती, कोन नाय म्हनलं नसतं. नि मी जांबळं इचारत फिरली."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"तुमचा पट परत द्यायला पायजे होता," ती म्हणाली. "भावाच्या होडीतून दर्यात लई आत नेऊन सोडला. मानसाला न्यायचं होतं, मी कागूद नेला."