मामींच्या सोप्यातलं मशीन

आमच्या हिच्या थोरल्या मामांना जगातली कुठलीही तयार वस्तू मान्य नाही. नवा पंखासुद्धा ते आधी उघडणार, करणाऱ्याचं काय चुकलंय ते पाहणार आणि मगच टांगणार, टांगल्यावर तो दुप्पट आवाज करू लागला की म्हणणार, "आता कसा मोकळा फिरतोय बघ." जन्मभर त्यांनी हिंडलग्याच्या शाळेत मुलांना ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते उद्यमबागेतल्या कारखान्यांजवळच्या भंगारवाल्यांकडे जाऊ लागले आणि वर्षभरात घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन उभं राहिलं. उभं म्हणजे थरथरत. त्यानं कोरलेला पहिला गणपती थंडी वाजून आल्यासारखा दिसत होता. असलं मशीन विकत मिळतं, असं मी सुचवलं, तर मामांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

त्यातच गावची लक्ष्मीची यात्रा ठरली. कैक वर्षांनी येणारी यात्रा, नवा रथ. रथाच्या मागची फळी मी कोरणार, असं मामांनी भर देवळात पंचांना सांगून टाकलं. पंच हसले, पण सागवानी फळी पाठवली; जमलं नाही तर बाहेरून कोरून आणू, असा निरोपही सोबत आला. फळी इतकी जाड की मशीनचं कोरणारं पातं ज्यावर सरकतं, त्या आडव्या पुलाखाली जाईना. सुतार म्हणाला, रंधा मारून पातळ करू. मामा कडाडले, "देवीचं लाकूड पातळ करायचं न्हाय. मशीननं जागा द्यायची." त्यांनी पूल उंच केला. फळी आत गेली, पण उंचावलेला पूल डुलायला लागला. मग खांबांना पोलादी पट्ट्या, पायांत काँक्रीट, आणि शेवटी तो भिंतीलाच आवळला. पुलाचं डुलणं थांबलं, पण आता भिंतच हादरून मामींच्या मांडणीवरची भांडी वाजू लागली आणि रेघ लटपटायची ती लटपटतच राहिली.

आता मामा हरणार, असं सगळे धरून चालले. पूल पुन्हा खाली घ्यायचा आणि फळीसाठी खालची जमीनच खणायची, एवढा एकच उपाय उरला होता. पण सोप्यातली फरशी मामींनी हौसेनं निवडलेली. मामा सकाळभर तिच्याकडे बघत बसले. शेवटी मामींनीच पहार आणून त्यांच्या हातात दिली. "खणा. गावासमोर बोललायसा न्हवं?"

यात्रेत कोरलेली फळी लावलेला रथ रस्त्याच्या खड्ड्यांतून आदळत निघाला, तेव्हा मामा फळीमागून चालत होते. लटपटलेली एक तरी रेघ दाखव, असं मला म्हणत होते. मला एकही सापडली नाही.

सोप्यातला खड्डा अजून तसाच आहे. मामा फरशी बसवून देतो म्हणतात; मामीच नको म्हणतात, पुढच्या यात्रेला लागेल. पुढची यात्रा यायला कैक वर्षं आहेत आणि दोघांची वयं मला ठाऊक आहेत. पण त्या घरात हे बोलायची माझी छाती होत नाही.